स्थिर आकार

ग्रिम्सबीत त्या वर्षी ऑक्टोबर ते मार्च
सरकारचं पाकीट यायचं, महिन्याला एक.
सहासष्ट पौंड, सहासष्ट, मग चार वेळा सदुसष्ट.
चारशेला सहाने नीट भाग जात नाही
हे लंडनमध्येही कुणाच्या तरी लक्षात आलं असणार.

ज्यांचं बिल बँकेतून आपोआप कापलं जातं
त्यांना काही कळलंच नाही.
हप्ता गेला, आणि दोन-चार दिवसांनी
त्यातला थोडा गुपचूप परत आला,
रात्रभर बाहेर राहिलेला बोका
मागच्या दाराने येऊन आपल्या जागी झोपावा तसा.

आमच्या गल्लीतले मीटर आधी खातात, मग उजेड देतात.
आमच्याकडे किल्ली.
निळी, प्लॅस्टिकची, करंगळीएवढी.
ती घेऊन लोक माझ्या काउंटरपाशी येतात,
पाव, सिगारेटी आणि लॉटरीच्या रांगेतच,
आणि हळू आवाजात म्हणतात, पाचाची भर.
आता पाकीटही आणायचं, बारकोड दाखवायचा,
नावाशी जुळणारं ओळखपत्र दाखवायचं,
तीन महिन्यांच्या आत.
नंतर तो नुसता कागद.

मासळीच्या कारखान्यातल्या लाटवियन पोरांचं पाकीट
घरमालकाकडे गेलं, आणि घरमालक स्पेनला.
वीज भाड्यातच धरलीय, तो फोनवर म्हणाला.
सूटही भाड्यातच धरली असावी.

डिसेंबरात बेरिल स्टॅमर्स आली.
पाकीट ऑक्टोबरचं, कडेने चहाचा डाग,
वर नाव लेनचं.
लेन ऑगस्टमध्ये गेला.
वीज कंपनीला तिने तीनदा कळवलं होतं;
तिसऱ्या वेळी कंपनीने लेनलाच पत्र लिहिलं,
तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.

तिने पर्समधून त्याचं लायसन्स काढलं,
बाहीने पुसलं, काउंटरवर ठेवलं.
फोटोत लेनने डोळे बारीक केलेले,
जणू अजून डेकवरच उभा आहे,
आणि आइसलंडकडचा वारा तोंडावर येतोय.
मी फोटोकडे बघितलं. तिच्याकडे बघितलं.
मागे कुणीतरी खोकलं.
मशीनला मरण वाचता येत नाही, बारकोड येतो.
टिट्.
जमा झाले? तिने विचारलं.
झाले, मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच दारात.
काल सहासष्ट भरले, आज एकेचाळीस दिसतायत.
मी काही जाळलं नाही गं.
सात आठवडे लाउथला, बहिणीकडे होते.
फ्रिजसुद्धा बंद करून गेले होते.

मग मी तिला समजावलं,
जसं मला कुणीतरी समजावलं होतं.
त्याला स्थिर आकार म्हणतात.
दिवा लावा, न लावा, तो रोजचा.
तुम्ही घरात असा, नसा.
घर आहे, एवढंच मीटरला पुरतं.
शिल्लक संपली तरी तो आत साठत राहतो,
आणि पैसे पडले की आधी आपले काढून घेतो.

ती बराच वेळ चॉकलेटांच्या फळीकडे बघत राहिली.
कुणी असो, नसो?
हो.
आमच्या खिडकीजवळची खुर्ची तशीच आहे, ती म्हणाली.
गादी झटकली, उलटी केली.
खळगा जात नाही.
आणि अर्धा डझन अंडी घेऊन गेली.

नियम काय आहे तो मला पाठ आहे. विचारू नका.
जानेवारीत लेन आला. फेब्रुवारीत आला.
एकदा तर एकाच दिवशी दोन पाकिटं घेऊन आला.
मार्चमध्ये, शेवटच्या सदुसष्टाला,
मी त्याला नुसतं, काय लेन, म्हटलं,
आणि बेरिल हसली. त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच
मी तिचे दात बघितले.

एप्रिलमध्ये ती एकटी आली.
किल्ली, आणि मुठीत गरम झालेली पाच नाणी.